शेजारणीला विचार, तिनं काय केलं

पत्र :

काकू, मी माहेरची कराडकडची. लग्न होऊन राजापूर तालुक्यातल्या एका वाडीत आले. मिस्टर नालासोपाऱ्याला राहून कंपनीत काम करतात, शिमग्याला आणि गणपतीला घरी येतात. इथे मी, सासूबाई आणि साडेचार महिन्यांची मुलगी. जन्मली तेव्हा २ किलो ८०० ग्रॅम होती. मागच्या आठवड्यात अंगणवाडीच्या बाई घरी काटा घेऊन आल्या, तेव्हा ५ किलो ९०० ग्रॅम भरली. सासूबाई म्हणतात, "दूध पुरत नाही गो तिला, गाईचं दे, नाहीतर पेजेची निवळ दे." मोबाइलवर एक बाई सांगते सहा महिने काही देऊ नका, दुसरी सांगते चौथ्यापासून फळं द्या. साडेतीन महिन्यांच्या लसीला गेले तेव्हा वाडीतली एकजण सगळ्यांसमोर म्हणाली, "हिची पोर बारीकच नाय काय?" तेव्हापासून मी अंगणवाडीत गेलेच नाही. रात्री मुलगी झोपली की मला रडू येतं. आता लावणी चालू आहे, बायका एकमेकींत बोलत असतात, मला त्यांचं बोलणं अर्धंच कळतं. मी कोणाचं ऐकू? आणि ह्या बायकांत मिसळू तरी कशी?
ता. क. मुलीला घेऊन नालासोपाऱ्याला जाऊ का?

उत्तर :

अगं पोरी, आधी मुलीचं वजन बघू, कारण बाकी सगळी भीती त्यातून उगवली आहे.

तुझी मुलगी बारीक नाही. बाळाचं जन्माचं वजन साधारण पाच महिन्यांत दुप्पट व्हावं असं धरतात. तुझ्या मुलीची दुप्पट ५ किलो ६०० ग्रॅम होते आणि ती पाच महिन्यांच्या आतच त्याच्या पुढे गेली आहे. तुझ्याकडचं माता-बाल संरक्षण कार्ड काढ. त्यात मुलींचा वाढीचा तक्ता आहे, त्यात हिरवा, पिवळा आणि नारिंगी असे पट्टे आहेत. साडेचार महिन्यांच्या रेषेवर ५ किलो ९०० ग्रॅमचा ठिपका दे, तो हिरव्यात पडेल. दर महिन्याला असाच एक ठिपका देत जा आणि ते जोडत जा. रेघ वर चढत असेल तर बाळ वाढतंय. शेजारच्या बाळाची रेघ वेगळी असणारच. दिवसातून सहा-सात वेळा लघवी होते ना? प्यायल्यावर निवांत होते ना? मग दूध पुरतंय. संध्याकाळी ती तासन्‌तास अंगाला चिकटून राहते आणि पुन्हा पुन्हा मागते म्हणून दूध आटलं असं नाही. ह्या वयात बरीच बाळं तशी करतात, आणि बाळ जितकं ओढतं तितकं दूध तयार होतं. त्यात वरचं दूध घातलं की ओढणं कमी होतं आणि आईचं दूध खरोखरच घटतं. मग "बघ, पुरत नव्हतंच" असं म्हणायला घर मोकळं.

सहा महिने पूर्ण होईपर्यंत फक्त अंगावरचं दूध, पाणीसुद्धा नाही. आपल्याकडे पावसाळ्यात तर हे डोळे मिटून पाळावं. विहिरीचं पाणी गढूळ असतं, बाटली नीट उकळली जात नाही, आणि तान्ह्या बाळाची हगवण एका दिवसात जिवावर बेतू शकते.

आता तुझ्या रात्रीच्या रडण्याकडे येते, कारण ते मला मुलीच्या वजनापेक्षा जास्त काळजीचं वाटतं. बाळंतपणानंतर पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत रडू येणं सर्रास असतं आणि ते आपोआप ओसरतं. तुला साडेचार महिने झाले आहेत. दोन आठवड्यांहून जास्त काळ बहुतेक दिवस मन खाली असेल, मूल झोपलेलं असतानाही झोप येत नसेल, जेवण नको वाटत असेल, मुलीकडे बघून काहीच वाटेनासं झालं असेल, तर तो आजार आहे. त्यावर उपचार असतात, दूध पाजत असतानाही घेता येतील अशी औषधं असतात. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीचा, सरकारी नंबर आहे, फुकट आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलतात. आजच लाव. स्वतःचं किंवा मुलीचं काही बरंवाईट करावं असा विचार एकदा जरी आला असेल तर नंबर लावून थांबू नकोस, सासूबाईंना उठव, आशाताईला बोलाव आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. मी पुढे मैत्रिणींबद्दल भरपूर लिहिणार आहे, पण मैत्रिणी ह्या आजाराचं औषध नव्हेत. त्या तुला दवाखान्यापर्यंत सोबत करू शकतात, तेही फार मोठं आहे.

कोणाचं ऐकू, असं तू विचारतेस. मी अंगणवाड्यांची मुख्यसेविका म्हणून राजापूर-लांजा भागात नोकरी केली, आणि तिथे बायकांच्या घोळक्यात बसून एक गोष्ट मला पक्की कळली. बाईला "मी काय करू?" असं विचारलं की ती हुकूम देते. "तू काय केलंस?" असं विचारलं की ती आठवायला लागते. हुकमात तिचा मोठेपणा पणाला लागतो, तू ऐकलं नाहीस तर तिला राग येतो. आठवण सांगताना मात्र ती आपोआप खरं बोलते, फसलेलंही सांगते, "पहिल्याला मी बाटली दिली नि त्याचं पोट महिनाभर बिघडलं" असं तोंडून निघून जातं. तुला हवं आहे ते नेमकं हेच. शिवाय आठवण ऐकून घेतल्यावर ती पाळण्याचं बंधन नसतं.

सुरुवात सासूबाईंपासून कर. त्यांनी तुझ्या नवऱ्याला ह्याच घरात, बहुधा असाच नवरा मुंबईला असताना, वाढवलं आहे. त्यांना विचार, "आई, हे साडेचार महिन्यांचे होते तेव्हा लावणीला तुम्ही कशा जायचात? ह्यांना कोणाजवळ ठेवायचात?" आणि मग नुसती ऐक. दुधावरून भांडण नको. कार्डावरचा हिरवा पट्टा त्यांना दाखव, नाहीतर आशाताईला घरी बोलावून तिच्याकडून सांगून घे. आशाताई सहा महिन्यांच्या भेटीला यायच्याच असतात, थोड्या आधी बोलावलं तर येतील. सासूबाईंच्या बोलण्यामागे नात उपाशी तर नाही ना, हीच चिंता आहे. त्या चिंतेला काम दे.

आणि काम आहे. मुलीला सहा महिने पूर्ण होतील ते गणपतीच्या आसपास. तेव्हा वरचं अन्न सुरू करायचं, आणि आपल्या भागात त्याला नाचणीसारखं दुसरं काही नाही. सासूबाईंना आत्ताच म्हण की मला सत्त्व करायला शिकवा. नाचणी निवडून धुवायची, रात्रभर भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, वाळवायची, मंद भाजून दळायची आणि वस्त्रगाळ करायची. ह्या पावसात ऊन कुठलं, तेव्हा पंख्याखाली पसरून नंतर तव्यावर अगदी मंद आचेवर कोरडी करावी लागेल. ओलसर राहिली तर बुरशी धरते, तिथे त्यांचा हात आणि नाक तुझ्यापेक्षा तरबेज असणार. मोड का आणायचे? मोड येताना धान्यात एक पाचक द्रव्य तयार होतं, ते पिठाला घट्ट होऊ देत नाही. मग तेवढ्याच वाटीत जास्त पीठ बसतं आणि इवल्या पोटात जास्त ताकद जाते. आपल्या आज्यांनी हे हातानं साधलं होतं, आहारशास्त्रानं कारण नंतर सांगितलं. सत्त्वाची खीर शिजवायची ती चमच्यावरून घरंगळणार नाही इतपत दाट, वरून थोडं तूप. मग मऊ भात, वरण, कुस्करलेलं केळं, उकडलेला बटाटा, अंडं, काटे नीट काढलेला मासा. अंगावरचं दूध चालूच ठेवायचं, दोन वर्षं आणि पुढेही. मध मात्र वर्षाच्या आत बोटभरसुद्धा नको, त्यातल्या जंतूंनी तान्ह्या बाळाला जीवघेणा आजार होऊ शकतो.

जुन्या बायकांकडून काय घ्यावं आणि काय सोडावं, ह्याची एक खूण तुला देते. मूल कसं धरायचं, कसं निजवायचं, काय शिजवायचं, दात येताना चिडलं तर काय करायचं, पदराखाली न घाबरता कसं पाजायचं, हे सगळं घे. हे ज्ञान पुस्तकात अर्धंच उतरतं. बाळाच्या तोंडात, नाकात, कानात, डोळ्यांत किंवा पोटावर काही घालायला, चोळायला, डागायला सांगितलं की थांब. कानात तेल नको, डोळ्यांत काजळ नको, घुटी नको, पोटावर चटका तर कधीच नको. बाळाच्या खोलीत धुरी कोंडायची नाही. दृष्ट काढायची असेल तर काढू दे, मीठ-मोहऱ्यांनी कोणाचं बिघडत नाही, फक्त त्या बाळाजवळ जाळू नयेत. तुझ्या खाण्याबद्दलही एक. आपल्याकडे बाळंतिणीला मोरी खायला घालतात, दूध वाढतं म्हणून. मोरी हा शिकारी मासा, लहान मासे खाऊन त्याच्या अंगात पारा साठतो, आणि पाजणाऱ्या आईनं तो टाळावा असंच आज सांगितलं जातं. नारळी पौर्णिमेनंतर ताजी मासळी सुरू झाली की बांगडा, तारली खा, त्यांत सत्त्वही भरपूर. अळिवाची खीर आवडत असेल तर तीही घे. सासूबाईंनी प्रेमानं मोरी आणली तर "मला तारल्या आणा" असं सांग, "तुमचं चुकतंय" असं सांगू नकोस.

काही वेळा कोणाचंच ऐकायचं नाही, सरळ दवाखाना. बाळ पीत नाही, छाती आत ओढून धापा टाकतं, झटके येतात, खूप सुस्त पडतं, ताप उतरत नाही, डोळे खोल जातात. अशा वेळी १०८ ला फोन. जुलाब झाले तर ओआरएस आणि झिंक आशाताईकडे मिळतं, झिंक चौदा दिवस द्यायचं, जुलाब थांबले तरी. मात्रा तिलाच विचार, आणि अंगावरचं पाजणं थांबवू नकोस.

आता वाडीतल्या बायका. तू म्हणतेस त्या त्यांच्या त्यांच्यात बोलतात. त्यांच्याकडे बघ जरा. दर दुसऱ्या घरातला पुरुष मुंबई-नालासोपारा-विरारला आहे. नवरा दूर असताना रात्री एकटीनं आजारी मूल कसं काढायचं, फोनवर बाप मुलाला ओळखीचा कसा ठेवायचा, गणपतीला आलेल्या बापाला बघून मूल रडतं तेव्हा त्याला आणि मुलाला कसं सांभाळायचं, हे त्यांना जितकं ठाऊक आहे तितकं मला नाही. तुझ्या कराडच्या आईलाही कदाचित नसेल. ह्या बाबतीत तू अगदी योग्य गावात आहेस.

सगळ्यांत एकदम मिसळायला जाऊ नकोस, एकीपासून सुरू कर. जिचं मूल तुझ्या मुलीपेक्षा वर्ष-दीड वर्षानं मोठं आहे अशी एक शोध. फार मोठी मुलं असलेल्या बायका विसरलेल्या असतात, आणि अगदी तुझ्याएवढं मूल असलेली तुझ्यासारखीच गोंधळलेली असते. तिच्या पडवीत जा, मुलीला मांडीवर घे, आणि एक छोटा प्रश्न विचार. "तुझा रात्री कितीदा उठायचा गं?" एवढं पुरे. भाषा अर्धी कळली तरी चालतं, न कळलेलं पुन्हा विचार, बायकांना ते आवडतं. पुढच्या वेळी तिला तुझ्या घरी बोलाव.

नुसतं मागायला गेलीस तर चार दिवसांनी तुलाच संकोच वाटेल, म्हणून काही दे. तुझ्या पत्राचं अक्षर आणि मांडणी बघून वाटतं की तू शिकलेली आहेस. पहिलटकरणींना प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत ५ हजार रुपये मिळतात, दुसऱ्या खेपेला मुलगी झाली तर ६ हजार. निकषात बसणाऱ्या कितीतरी जणींचे अर्ज आधार आणि बँकेच्या खात्यात अडकलेले असतात. मोबाइलवर ते बघून देणं, कार्डावर वजनाचे ठिपके जोडून देणं, पुढच्या लसीची तारीख वाचून सांगणं, हे तुला जमेल. आणि लावणीचे दिवस आहेत तर सावड सगळ्यांना माहीत आहे, आज तुझ्या शेतात मी, उद्या माझ्या शेतात तू. तान्ह्या मुलांच्या बाबतीत तसंच ठरवता येतं. दोघी-तिघींनी ठरवायचं, मंगळवारी दोन तास मी दोन्ही बाळं बघते, तू नहा, झोप, बाजार कर. शुक्रवारी तू बघ. ज्या दिवशी तुझी पाळी नाही त्या दोन तासांत भांडी घासू नकोस, झोप.

हे बोलणं म्हणजे वेळ घालवणं असं कोणी म्हणालं तर त्याला झारखंड-ओडिशाची गोष्ट सांग. तिथल्या आदिवासी गावांत 'एकजुट' संस्थेनं महिन्यातून एकदा बायकांच्या बैठका भरवल्या. बैठक घेणारी बाई त्याच भागातली, डॉक्टर नाही, नर्स नाही. बायकांनी आपापल्या अडचणी सांगायच्या, त्यातली कोणती आधी सोडवायची ते त्यांनीच ठरवायचं, उपायही त्यांनीच शोधायचे. तीन वर्षांत त्या गावांतले नवजात बाळांचे मृत्यू शेजारच्या इतर गावांपेक्षा ३२ टक्क्यांनी कमी भरले. २०१० मध्ये 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. तुझ्यासाठी त्यातला आणखी एक आकडा मी मुद्दाम सांगते. आयांच्या नैराश्यावर एकूण तीन वर्षांचा हिशेब धरला तर ठळक फरक दिसला नव्हता, पण तिसऱ्या वर्षी मध्यम नैराश्य ५७ टक्क्यांनी कमी आढळलं. एकमेकींसमोर मन उघडायला बायकांना वेळ लागला असावा, असं मी त्याचं कारण समजते. पहिल्या दोन भेटीत तुझी मैत्री जमली नाही तर हिरमुसू नकोस.

आणि ती, जी सगळ्यांसमोर "बारीकच नाय काय" म्हणाली. तुला लागलं, लागणारच. सगळ्या बायका ऐकत असताना आपल्या मुलीला नाव ठेवलेलं कुठल्या आईला सहन होईल? तिनं तसं बोलायला नको होतं. पण तिच्यासाठी तू अंगणवाडी सोडलीस, आणि त्यात तोटा तुझ्या मुलीचा झाला. महिन्यातून एकदा तिथे आरोग्य व पोषण दिवस असतो, नर्सबाई येतात, वजन होतं, लसी होतात, आणि वाडीतल्या सगळ्या लेकुरवाळ्या एका जागी सापडतात. सहा महिने झाले की घरी न्यायचा आहारही तिथूनच मिळतो. जा. ती पुन्हा म्हणाली तर कार्ड उघडून दाखव, "ही बघ हिची रेघ, हिरव्यात आहे," असं शांतपणे सांग आणि वर तिलाच विचार, "तुझ्याला सहाव्या महिन्यात काय दिलंस पहिल्यांदा?" त्यावर ती बोलायला लागेल किंवा गप्प बसेल, दोन्ही चालेल. मात्र आजूबाजूच्या चारजणी ऐकत असतील, आणि त्यांतली एखादी नंतर हळूच आपलं कार्ड तुझ्यापुढे करेल, कारण "तुझं मूल बारीक" हे फक्त तुलाच ऐकवलं गेलं असेल असं मला वाटत नाही.

मोबाइल पूर्ण बंद कर असं मी म्हणणार नाही. पण दोन बायका दोन गोष्टी सांगतात तेव्हा कार्डाची पानं उलट. आहाराचं, लसींचं, धोक्याच्या खुणांचं सगळं त्यात मराठीत छापलेलं आहे. त्यात नसेल ते नर्सबाईंना विचार.

मिस्टरांना एक गोष्ट आत्ताच सांगून ठेव. गणपतीला येतील तेव्हा आरत्या, भजनं, पाहुणे ह्यांत पाच-सात दिवस निघून जातात आणि बाप मुलीला दोन वेळा उचलून परत जातो. ह्या खेपेला रात्रीचं एक उठणं त्यांचं. पाजायचं तुलाच, पण पाजून झाल्यावर खांद्यावर घेऊन ढेकर काढणं आणि निजवणं त्यांनी करायचं. आणि उष्टावणाला पहिला घास मामानं द्यायचा असला तरी दुसरा बापानं द्यावा, सासूबाईंनी केलेल्या सत्त्वाचा.

राहिलं नालासोपाऱ्याला जाण्याचं. नवऱ्यासोबत राहावंसं वाटणं अगदी रास्त आहे, त्यात इथून पळणं बिळणं काही नाही. पण ह्या पावसात, मुलीचं वरचं अन्न सुरू व्हायच्या ऐन वेळी घाई नको. वाडीतल्या ज्या बायका तिकडे राहून परत आल्या त्यांना विचार, त्यांनी काय केलं. पाणी किती वाजता यायचं, दवाखाना किती लांब होता, नवरा रात्रपाळीला गेला की शेजारी कोण असायचं, आणि त्या परत का आल्या. गणपतीत ही सगळी उत्तरं घेऊन तुम्ही दोघं बसा, सासूबाईंनाही बसवा. तिकडे जायचं ठरलंच तर जायच्या आधी इथल्या नर्सबाईंकडून कार्ड भरून घे, ते सोबत ने, आणि तिकडच्या अंगणवाडीत पहिल्याच आठवड्यात नाव घाल.